किल्लीच्या फाइलीत काय असते आणि ते कसे तपासावे

प्रश्न थोडक्यात असा आहे: बंद करायच्या एका जुन्या सर्व्हरवरून उतरवून घेतलेल्या फोल्डरमध्ये चार फाइली सापडल्या आहेत. दोन फाइलींच्या नावाला 'पेम' हे शेपूट आहे, एकीला 'की' आहे आणि चौथीला काहीच नाही. यांतली सार्वजनिक किल्ली (कोणालाही देता येणारी) कोणती, खासगी (फक्त मालकाकडे राहणारी जोडीदार) कोणती, त्यांच्या आत काय आहे, कोणाची जोडी कोणाशी जुळते, आणि किल्ली 'डिकोड' करून दाखवणाऱ्या एखाद्या संकेतस्थळावर त्या चिकटवून पाहिल्या तर चालेल का, असे विचारले आहे.

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण पुढचे वाचून होण्याआधीच हात तिकडे जातो. चालणार नाही. खासगी किल्ली एकदा दुसऱ्याच्या पानावर चिकटवली की ती अजून खासगीच आहे असे कोणीही खात्रीने म्हणू शकत नाही. 'सर्व काम तुमच्या ब्राउझरमध्येच होते' हे त्या पानावरचे वाक्य आज खरे असले, तरी उद्या ते पान बदललेले नसेल याची हमी कोणी घेत नाही. शिवाय तशी गरजही नाही. लिनक्सच्या बहुतेक यंत्रांवर ओपनएसएसएल (किल्ल्या आणि प्रमाणपत्रे हाताळणारे) आणि ओपनएसएसएच (दूरच्या यंत्रावर सुरक्षित प्रवेश देणारे) ही दोन्ही साधने आधीपासून असतात. मॅकवर ओपनएसएसएलच्या जागी त्याच घराण्यातले लिब्रेएसएसएल असते. खाली आदेशांची नावे देवनागरीत लिहिली आहेत, टर्मिनलवर ती अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायची आहेत.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचे सगळे विवेचन तिच्यावर उभे आहे. खासगी किल्लीतले गुप्त आकडे डोळ्यांनी पाहण्याची वेळ व्यवहारात जवळजवळ कधीच येत नाही. किल्ली कोणत्या जातीची आहे, किती लांबीची आहे, कोणाची जोडीदार आहे आणि तिच्यात एखादा ज्ञात दोष आहे का, हे बहुतांशी तिच्या सार्वजनिक भागावरून कळते, आणि तो भाग खासगी किल्लीतून केव्हाही वेगळा काढता येतो. म्हणून ओपनएसएसएलच्या 'पीकी' या उपआदेशाला सवयीने जोडला जाणारा 'टेक्स्ट' हा पर्याय सोडावा आणि त्याऐवजी 'टेक्स्ट_पब' व 'नोआउट' हे दोन पर्याय एकत्र द्यावेत. पहिल्याने खासगी आकड्यांसकट सगळे पडद्यावर येते. दुसऱ्या जोडीने फक्त सार्वजनिक भाग दिसतो. हाताशी फाइलच सार्वजनिक किल्लीची असेल तर 'पबिन' हा पर्यायही द्यावा लागतो, नाहीतर आदेश खासगी किल्ली शोधत बसतो आणि मिळत नाही म्हणून तक्रार करतो.

आता फाइली ओळखण्याकडे येऊ. नावाच्या शेपटावर विश्वास ठेवू नये. स्वयंपाकघरातल्या डब्यावर साखर लिहिले आहे म्हणून आत साखरच असेल असे नसते, तसेच हे आहे. 'की' शेपटाच्या फाइलीत प्रमाणपत्र, म्हणजे सार्वजनिक किल्ली कोणाची हे सांगणारा सही केलेला दाखला, निघते, आणि प्रमाणपत्राच्या नावाने ठेवलेल्या 'पेम' फाइलीच्या तळाशी खासगी किल्ली सापडते. हे दुसरे तर वरचेवर घडते, कारण काही सर्व्हर प्रणाली दोन्ही एकाच फाइलीत मागतात. फाइल संपादकात उघडण्याआधी 'ग्रेप' हा ओळी शोधणारा आदेश वापरून फक्त 'बिगिन' हा शब्द असलेल्या ओळी काढाव्यात. त्या ओळींत गुप्त काहीच नसते, मात्र फाइलीत किती आणि कोणते तुकडे आहेत ते एका नजरेत कळते.

'बिगिन पब्लिक की' अशी ओळ असेल तर ती सर्वसाधारण वेष्टनातली सार्वजनिक किल्ली आहे, म्हणजे आत आधी जातीचे नाव आणि मग किल्लीचे आकडे. 'बिगिन आरएसए पब्लिक की' (आरएसए ही किल्लीची एक रूढ जात) असेल तर जातीचे नाव आतून वगळलेले आहे आणि ते फक्त या ओळीतच आहे. खासगी बाजूला हाच फरक 'बिगिन प्रायव्हेट की' आणि 'बिगिन आरएसए प्रायव्हेट की' यांच्यात आहे; लंबवर्तुळी वक्रांच्या किल्ल्यांसाठी 'आरएसए'च्या जागी 'ईसी' येते. ओपनएसएसएल ३.० ही आवृत्ती २०२१ मध्ये आली, तेव्हापासून त्याचा आरएसए किल्ली तयार करणारा जुना आदेशही सर्वसाधारण वेष्टनच वापरू लागला, त्यामुळे जुन्या आणि नव्या यंत्रांवर एकाच आदेशाने बनवलेल्या फाइलींच्या पहिल्या ओळी वेगळ्या दिसतात. त्यात काळजीचे काही नाही. 'बिगिन एन्क्रिप्टेड प्रायव्हेट की' म्हणजे पासफ्रेजने (लांब पासवर्डने) बंद केलेली किल्ली, 'बिगिन ओपनएसएसएच प्रायव्हेट की' म्हणजे ओपनएसएसएचच्या स्वतःच्या स्वरूपातली किल्ली. विनाशेपटाची तुमची चौथी फाइल बहुधा हीच असेल, कारण एसएसएचमध्ये खासगी किल्लीला शेपूट नसते आणि तिच्या शेजारच्या सार्वजनिक किल्लीला 'पब' हे शेपूट असते.

सुरुवातीची 'बिगिन' आणि शेवटची 'एंड' या दोन ओळींच्या मधे बहुधा ६४-६४ अक्षरांच्या ओळींत जो मजकूर दिसतो, तो पासफ्रेज नसेल तर गुप्त केलेला नसतो. ते बेस-६४ आहे: दर तीन बाइटांची चार छापण्याजोगी अक्षरे. ही पद्धत १९९३ च्या एका ई-मेल मानकातून आली. ते मानक कोणी फारसे वापरले नाही, पण किल्ल्या बांधून ठेवायची ही रीत मात्र टिकली. बेस-६४ उलगडले की खाली डीईआर नावाची बाइटांची रचना निघते. तिच्यात प्रत्येक गोष्ट एकाच क्रमाने येते: आधी ती काय आहे याचा एक बाइट, मग तिची लांबी, मग प्रत्यक्ष माल. हेक्समध्ये (सोळाच्या पटीत मोजणाऱ्या अंकलेखनात) ३० म्हणजे पुढे गोष्टींची मालिका आहे, ०२ म्हणजे पूर्णांक, ०३ म्हणजे बिटांची पट्टी, ०४ म्हणजे बाइटांची पट्टी, ०६ म्हणजे जात सांगणारा क्रमांक.

बहुतेक आरएसए किल्ल्या आणि बहुतेक प्रमाणपत्रे 'एम-आय-आय' या तीन अक्षरांनी का सुरू होतात, याचे उत्तर इथे मिळते. मोठ्या मालिकेची सुरुवात ३० ८२ अशी होते, म्हणजे 'मालिका आहे आणि तिची लांबी पुढच्या दोन बाइटांत आहे'. या बाइटांचे बेस-६४ रूप त्या तीन अक्षरांनी सुरू होते. चौथे अक्षर लांबीच्या वरच्या बाइटावरून ठरते. सर्वसाधारण वेष्टनातल्या २०४८ बिटांच्या आरएसए सार्वजनिक किल्लीत ते 'बी' असते आणि ४०९६ बिटांच्या किल्लीत 'सी'. खासगी किल्लीत २०४८ बिटांना 'ई' आणि ४०९६ बिटांना 'जे' येते. प्रमाणपत्राची लांबी त्याच्यातल्या मजकुरानुसार बदलते, म्हणून केवळ या अक्षरांवरून किल्ली आणि प्रमाणपत्र वेगळे ओळखायला जाऊ नये. पहिली ओळ चुकून पुसली गेली असेल तेव्हा मात्र ही खूण अंदाजाला उपयोगी पडते.

रचना एकदा नीट पाहायची असेल तर आरएसएची लांबलचक किल्ली घेण्यापेक्षा एड२५५१९ या वक्रांच्या जातीची सार्वजनिक किल्ली घ्यावी, कारण ती अवघ्या ४४ बाइटांची असते आणि तिच्यातला एकही बाइट गूढ राहत नाही. पहिले बारा बाइट असे आहेत: ३० २ए ३० ०५ ०६ ०३ २बी ६५ ७० ०३ २१ ००. पहिला ३० म्हणजे मालिका, २ए म्हणजे पुढे ४२ बाइट आहेत. दुसरा ३० म्हणजे आत आणखी एक मालिका, पाच बाइटांची. ०६ ०३ म्हणजे तीन बाइटांत लिहिलेला जातीचा क्रमांक. त्यातला २बी म्हणजे दशमान ४३. पहिले दोन अंक एका बाइटात बसवण्यासाठी पहिल्याला ४० ने गुणून दुसरा त्यात मिळवतात, म्हणून ४३ मधून १ आणि ३ निघतात. ६५ म्हणजे १०१ आणि ७० म्हणजे ११२. क्रमांक झाला १.३.१०१.११२, आणि जगभर तो एड२५५१९ चाच आहे. नंतरचा ०३ म्हणजे बिटांची पट्टी, २१ म्हणजे तिची लांबी ३३ बाइट, आणि ०० म्हणजे शेवटच्या बाइटात वाया गेलेले बिट शून्य. त्यानंतरचे ३२ बाइट हीच किल्ली. बारा बाइटांची सोळा अक्षरे होतात, म्हणून या वेष्टनातली एड२५५१९ ची प्रत्येक सार्वजनिक किल्ली, कोणीही बनवलेली असो, पहिली सोळा अक्षरे हुबेहूब सारखीच घेऊन येते. दोन किल्ल्यांची सुरुवात सारखी दिसते म्हणून त्या एकच आहेत असा निष्कर्ष काढणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

याच जातीची खासगी किल्ली ४८ बाइटांची असते. सुरुवातीच्या सोळा बाइटांत आवृत्ती, तोच जातीचा क्रमांक आणि एकात एक अशा दोन बाइटपट्ट्यांची डोकी असतात, आणि मग ३२ बाइटांचे गुप्त बीज. या रूपात सार्वजनिक किल्ली मुळात साठवलेलीच नसते. बीजावर एसएचए-५१२ हा हॅश (बाइटांचा ठरावीक लांबीचा ठसा काढणारे गणित) चालवून आणि वक्रावरचा गुणाकार करून ती दरवेळी नव्याने काढली जाते. हा मुद्दा जोडी जुळवताना पुन्हा लागेल.

आरएसएची खासगी किल्ली याच्या अगदी उलट, म्हणजे भरगच्च असते. आवृत्तीचा क्रमांक धरून तिच्यात नऊ पूर्णांक असतात: आवृत्ती, मॉड्युलस (पुढच्या दोन मूळ संख्यांचा गुणाकार), सार्वजनिक घातांक, खासगी घातांक, दोन मूळ संख्या, त्या प्रत्येकीसाठी वेगळा काढून ठेवलेला छोटा घातांक, आणि शेवटी एक गुणांक. गणिताच्या दृष्टीने एवढ्याची गरज नाही. शेवटचे तीन आकडे केवळ वेगासाठी आहेत. त्यांच्या आधारे मोठी आकडेमोड दोन लहान तुकड्यांत होते आणि सही करण्याचे काम साधारण तीन-चार पट लवकर उरकते. यांतली एक जरी मूळ संख्या फुटली तरी मॉड्युलसला तिने भागून दुसरी मिळते आणि बाकीचे सगळे आकडे त्यातून उभे करता येतात. त्यामुळे 'पडद्याचा फोटो घेतला, पण अर्धीच किल्ली दिसत होती' या समाधानाला काही अर्थ नसतो.

पाठ्यपुस्तकांत नेहमी भेटणारे उदाहरण इथे कामाला येते. मूळ संख्या ६१ आणि ५३, मॉड्युलस ३२३३, सार्वजनिक घातांक १७. खासगी घातांक किती? कोणी २७५३ सांगेल, कोणी ४१३, आणि दोघांचेही बरोबर आहे. १७ आणि २७५३ यांचा गुणाकार ४६८०१ होतो आणि त्याला ३१२० ने, म्हणजे ६० गुणिले ५२ ने, भागले की बाकी १ उरते. १७ आणि ४१३ यांचा गुणाकार ७०२१ होतो आणि त्याला ७८० ने, म्हणजे ६० व ५२ यांच्या लसाविने, भागले की तीच बाकी उरते. छोटे घातांक दोन्हीकडून सारखेच निघतात, ५३ आणि ४९. गुणांकही तोच, ३८. कोणते साधन पहिली रीत वापरते आणि कोणते दुसरी, म्हणून एकाच किल्लीच्या दोन फाइलींत खासगी घातांक वेगळा दिसू शकतो आणि तरीही दोन्ही फाइली अगदी सारख्याच सह्या करतात. वेष्टनाचा फरक यात मिळवला तर दोन खासगी फाइलींची बाइटागणिक तुलना किती फसवी आहे ते कळेल. तुलना नेहमी सार्वजनिक भागांची करावी.

आरएसएच्या छापील तपशिलात आणखी एक गोष्ट हमखास शंका निर्माण करते. २०४८ बिट म्हणजे २५६ बाइट, पण मॉड्युलस २५७ बाइटांचा दिसतो आणि त्याच्या सुरुवातीला ०० असतो. डीईआरमध्ये पूर्णांकाचा सर्वांत वरचा बिट १ असेल तर तो आकडा ऋण मानला जातो. मॉड्युलसचा वरचा बिट १ असतोच, म्हणून तो धन आहे हे सांगण्यासाठी पुढे एक शून्य बाइट लावतात. किल्ली बिघडलेली नाही. सार्वजनिक घातांकाच्या जागी ६५५३७ दिसला तर तेही नेहमीचेच आहे: हेक्समध्ये तो ०१ ०० ०१ असा लिहिला जातो, त्यात फक्त दोनच बिट १ असतात आणि त्यामुळे पडताळणी झटपट होते.

आता जोडी जुळवण्याबद्दल. प्रमाणपत्राचे नूतनीकरण झाल्यावर एनजिनएक्स हा वेब सर्व्हर सुरूच होत नाही आणि नोंदवहीत 'की व्हॅल्यूज मिसमॅच' असा शेरा येतो, तेव्हा हीच तपासणी करायची असते. खासगी किल्लीतून 'पीकी' आणि 'पबआउट' वापरून सार्वजनिक किल्ली काढावी, प्रमाणपत्रातून 'एक्स५०९', 'पबकी' आणि 'नोआउट' वापरून सार्वजनिक किल्ली काढावी, आणि दोन्हींचा एसएचए-२५६ हॅश ताडून पाहावा. जुन्या टिपणांमध्ये मॉड्युलस काढून त्याचा एमडी५ हा जुना हॅश ताडण्याची युक्ती सापडते. आरएसएपुरती ती चालते, पण वक्रांच्या किल्ल्यांना मॉड्युलस नसतोच. ती युक्ती आता सोडून द्यावी असे माझे मत आहे.

या जुळणीत एक खाच आहे. आरएसएच्या फाइलीत मॉड्युलस आणि सार्वजनिक घातांक वेगळे लिहूनच ठेवलेले असतात, त्यामुळे 'सार्वजनिक किल्ली काढली' म्हणजे साधनाने ते दोन आकडे फक्त उतरवून दिले. खासगी घातांकाचा किंवा मूळ संख्येचा एखादा बाइट खराब झालेला असला तरी ही जुळणी बिनतक्रार पार पडते. एड२५५१९ मध्ये बीजावरून खरोखर हिशेब होतो, म्हणून तिथे जुळणी म्हणजे पुरावा. आरएसएमध्ये जुळणी म्हणजे नुसती ओळख. म्हणून आरएसएला 'पीकी'चा 'चेक' हा पर्याय वेगळा चालवावा. तो मूळ संख्या खरोखर मूळ आहेत का, त्यांचा गुणाकार मॉड्युलसइतका भरतो का आणि घातांक एकमेकांशी जुळतात का, हे पाहतो. सर्वांत खात्रीची कसोटी याहूनही सोपी आहे: एखाद्या बिनमहत्त्वाच्या फाइलीवर खासगी किल्लीने सही करावी आणि सार्वजनिक किल्लीने ती पडताळावी. एसएसएचच्या बाबतीत 'एसएसएच-कीजेन' या किल्ल्यांच्या आदेशाचा 'एल' पर्याय शेजारच्या 'पब' फाइलीचाही आधार घेऊ शकतो, म्हणून ठसा (किल्लीचा हॅश) जुळला एवढ्यावर थांबू नये. 'वाय' पर्यायाने खासगी फाइलीतून सार्वजनिक किल्ली काढावी आणि ती 'पब' फाइलीशी ताडावी.

ठसे, म्हणजे फिंगरप्रिंट, ताडताना ते एकाच साधनाने काढलेले हवेत. एसएसएच आपल्या स्वरूपातल्या बाइटांचा हॅश काढते, ओपनएसएसएलने काढलेला हॅश डीईआर वेष्टनाचा असतो, आणि जीपीजीच्या (ई-मेल व फाइलींवर सही करणाऱ्या आणि त्या गुप्त करणाऱ्या साधनाच्या) अजूनही सर्वाधिक आढळणाऱ्या चौथ्या आवृत्तीच्या किल्ल्यांमध्ये ठशात किल्ली बनवल्याची वेळही मिसळलेली असते. आकडे तेच असूनही तीन ठसे वेगळे येतात. एसएसएचची आरएसए किंवा ईसी जातीची सार्वजनिक किल्ली 'ई' आणि 'एम पीकेसीएस८' या पर्यायांनी सर्वसाधारण वेष्टनात आणता येते, मग ती ओपनएसएसएलच्या किल्लीशेजारी ठेवून पाहता येते. 'एसएसएच-कीजेन'चाच 'पी' हा पर्याय मात्र फाइल जागच्या जागी पुन्हा लिहितो; केवळ पाहण्यासाठी तो वापरू नये, आणि वापरायचाच असेल तर प्रतीवर वापरावा.

पासफ्रेजने बंद केलेल्या किल्लीबद्दल पासफ्रेज न देताही बरेच कळते. जुन्या पद्धतीच्या फाइलीत पहिल्या ओळीखाली 'प्रॉक-टाइप' आणि 'डेक-इन्फो' अशा दोन ओळी असतात आणि सायफरचे, म्हणजे किल्ली बंद करण्याच्या पद्धतीचे, नाव तिथे उघड लिहिलेले असते. ही पद्धत दुबळी आहे, कारण तिच्यात पासफ्रेजवरून किल्ली बनवताना एमडी५ ची जेमतेम एक फेरी होते आणि अंदाजाने पासफ्रेज शोधणाऱ्याचे काम स्वस्तात होते. अशी फाइल दिसली तर ती नव्या स्वरूपात बदलून घ्यावी. 'बिगिन एन्क्रिप्टेड प्रायव्हेट की' फाइलीवर 'एएसएन१पार्स' चालवले तर कोणता सायफर आहे आणि पासफ्रेजवर किती फेऱ्या केल्या आहेत ते पासफ्रेज न विचारता दिसते. उघड्या खासगी किल्लीवर हाच आदेश सगळे गुप्त आकडेही छापतो, एवढे भान ठेवावे.

ओपनएसएसएचच्या स्वरूपात तर ही माहिती पहिल्याच ओळीत असते. बेस-६४ ची पहिली वीस अक्षरे म्हणजे या स्वरूपाचे नाव, म्हणून ती सर्व फाइलींत सारखी असतात. त्यानंतर सायफरचे नाव येते. पहिली ओळ उलगडल्यावर तिथे 'नन' दिसले तर किल्ली उघडी आहे आणि फाइल ज्याच्या हातात ती किल्ली त्याची; 'एईएस२५६-सीटीआर' आणि त्यापाठोपाठ 'बीक्रिप्ट' दिसले तर पासफ्रेज आहे. हे स्वरूप २०१४ मध्ये आले आणि २०१८ च्या ७.८ आवृत्तीपासून नव्या किल्ल्यांसाठी आपोआप वापरले जाऊ लागले. यात सार्वजनिक भाग पासफ्रेजच्या बाहेर, उघडाच ठेवलेला असतो.

खासगी किल्लीकडे पाहण्यात लोकांना जेवढा रस असतो, त्याच्या निम्मा जरी सार्वजनिक किल्लीकडे पाहण्यात असता तरी बरेच काही टळले असते. डेबियन या लिनक्सच्या प्रकारातल्या ओपनएसएसएलमध्ये २००६ साली झालेल्या एका बदलामुळे यादृच्छिकतेचे जवळजवळ सगळे स्रोत बाद झाले आणि प्रक्रियेचा क्रमांक तेवढा उरला. एका प्रकारच्या, एका लांबीच्या किल्लीला जेमतेम ३२ हजार शक्यता राहिल्या. हे मे २००८ मध्ये उघड झाले, तोवर तयार झालेल्या किल्ल्या दिसायला अगदी निर्दोष होत्या. 'चेक' पर्यायानेही त्यांना नाव ठेवले नसते. त्या ओळखण्याचा मार्ग एकच, सार्वजनिक भाग ज्ञात यादीशी ताडणे. तुमचा सर्व्हर त्या काळातल्या डेबियन किंवा उबुंटूचा असेल तर ही तपासणी टाळू नका.

२०१२ मध्ये दोन संशोधक गटांनी इंटरनेटवरच्या लाखो सार्वजनिक किल्ल्या गोळा करून त्यांच्या मॉड्युलसांचे आपसांत मसावि काढले. दोन वेगळ्या मॉड्युलसांत एक मूळ संख्या समान निघाली की दोन्ही किल्ल्या तिथेच फुटतात, त्याला कोणतेही अवघड गणित लागत नाही. एका गटाला अशा रीतीने टीएलएस (संकेतस्थळांशी सुरक्षित जोडणी करण्याची पद्धत) वापरणाऱ्या यंत्रांपैकी ०.५० टक्के यंत्रांच्या खासगी किल्ल्या मिळाल्या. दोष मुख्यतः राउटर, फायरवॉल अशा उपकरणांचा होता: पहिल्यांदा चालू होताना, यादृच्छिकता जमा होण्याआधीच, ती किल्ली बनवून मोकळी होत. २०१७ मध्ये 'रोका' या नावाने ओळखला गेलेला दोष इन्फिनिऑनच्या चिपमधल्या लायब्ररीत सापडला. तिच्यात मूळ संख्या एका ठरावीक साच्यातूनच निवडल्या जात, आणि त्या साच्याची खूण मॉड्युलसवर उमटत असल्यामुळे केवळ सार्वजनिक किल्ली पाहून ती किल्ली बाधित आहे की नाही ते क्षणात सांगता येत होते. एस्टोनियाला आपल्या सुमारे साडेसात लाख ओळखपत्रांवरची प्रमाणपत्रे त्यामुळे स्थगित करावी लागली. लांबीचे म्हणाल तर ८२९ बिटांचा आरएसए मॉड्युलस फेब्रुवारी २०२० मध्ये जाहीरपणे फोडला गेला आहे. फोल्डरमध्ये १०२४ बिटांची किल्ली निघाली तर ती जपण्यासारखी राहिलेली नाही.

जीपीजीची किल्ली असेल तर साधने वेगळी. आयात न करता पाहण्यासाठी 'शो-कीज' आणि आतले सगळे तुकडे पाहण्यासाठी 'लिस्ट-पॅकेट्स' हे पर्याय आहेत. तिथली सार्वजनिक किल्ली म्हणजे नुसते आकडे नव्हेत: तिच्यात नाव, ई-मेल, उपकिल्ल्या, मुदत आणि इतरांच्या सह्याही असतात, म्हणून ती फाइल कोणाला देताना आपण आणखी काय देतो आहोत ते पाहून घ्यावे. खासगी यादीत 'सेक' या शब्दापुढे हॅशचे चिन्ह असेल तर मुख्य खासगी किल्ली या यंत्रावर नाही. बाणासारखे चिन्ह असेल तर ती कार्डावर आहे. आठ अंकी छोट्या ओळखक्रमांकावर विसंबू नये, तो हवा तसा जुळवून आणता येतो.

कार्डावरून आपल्याकडच्या डिजिटल सिग्नेचरच्या टोकनची (किल्ली आत ठेवणाऱ्या छोट्या उपकरणाची) आठवण होते, कारण ई-निविदा किंवा कंपनी व्यवहार मंत्रालयाची कामे करणारे अनेकजण 'टोकनमधली खासगी किल्ली कशी पाहू' असे विचारतात. पाहता येत नाही, आणि तीच त्या टोकनची किंमत आहे. किल्ली टोकनच्या आत तयार होते आणि तिच्यावर 'बाहेर काढता येणार नाही' असा गुणधर्म लावलेला असतो. सही करायच्या मजकुराचा हॅश आत जातो, सही बाहेर येते. 'पीकेसीएस११-टूल'ने टोकनमधल्या वस्तूंची यादी, किल्लीची जात, लांबी आणि प्रमाणपत्र पाहता येते, तपासणीला तेवढे पुरते. त्या किल्लीची प्रत काढून देतो असे कोणी म्हणाले तर ती टोकनबाहेर बनवून मग आत घातलेली असण्याची शक्यता धरून प्रमाणपत्र रद्द करायला द्यावे.

आता तुमच्या फोल्डरसाठी क्रम सांगतो. आधी चारही फाइलींच्या परवानग्या पाहा आणि बदलण्याआधी लिहून ठेवा. सर्व्हरवर त्या ६४४ असतील, म्हणजे कोणताही वापरकर्ता वाचू शकत असेल, तर ही नोंद पुढच्या निर्णयासाठी मोलाची आहे. मग त्या ६०० करा, म्हणजे फक्त मालकालाच वाचता येतील, कारण ओपनएसएसएच उघड्या परवानगीच्या खासगी फाइलीला हातच लावत नाही. 'ग्रेप'ने 'बिगिन'च्या ओळी पाहा, प्रत्येक खासगी किल्लीची सार्वजनिक किल्ली काढा, आणि हॅश ताडून जोड्या लावा. यासाठी पडदा शेअर केलेला नसावा, आणि पासफ्रेज आदेशाच्या ओळीत लिहू नये, कारण ती शेलच्या इतिहासात राहते. सर्वांना वाचता येत होती अशी खासगी किल्ली कितीही निर्दोष निघाली तरी ती पुन्हा वापरू नये: नवी जोडी बनवावी, जुन्या किल्लीवरचे प्रमाणपत्र रद्द करून घ्यावे, आणि जुनी सार्वजनिक किल्ली ज्या ज्या यंत्रांच्या 'ऑथराइज्ड_कीज' फाइलीत (प्रवेश मिळणाऱ्या किल्ल्यांच्या यादीत) आहे तिथून ती ओळ काढावी. ती ओळ शोधायला 'एल' पर्यायाने काढलेला ठसा पुरतो, कारण तो पर्याय संपूर्ण 'ऑथराइज्ड_कीज' फाइल दिली तरी तिच्यातल्या प्रत्येक किल्लीचा ठसा वेगवेगळा छापतो.